थंडरबर्ड ३५० (२०१३): खर्च करून ठेवावी की बदलावी?

साताराकर

सल्ला देणाऱ्यांना अंदाज यावा म्हणून माहिती जरा सविस्तर देतो.

गाडी रॉयल एनफील्ड थंडरबर्ड ३५०, २०१३ ची, कार्ब्युरेटरवाली. रीडिंग ८४,००० च्या पुढे. पहिल्यापासून एकहाती. इंजिन अजून उघडलेलं नाही.

वापर रोजचा नाही. सुट्टीला घाट (आंबेनळी, वरंधा, कधी आंबोली) आणि वर्षातून एखादा मोठा दौरा, तो बहुतेक बंगळुरू हायवेने खाली कर्नाटकात. जवळपास कायम डबलसीट, मागे दोन पिशव्या. माणसं आणि सामान धरून १६० किलो होतात.

सध्याची लक्षणं: रात्रभर उभी राहिली की सकाळी पहिल्या सेल्फला निळसर धूर, मग बंद. हँडल सरळ असताना मध्यभागी अडकल्यासारखं होतं. पुढचा ब्रेक पूर्वीसारखा धरत नाही. चढाला डबलसीट असताना चौथ्यातून तिसऱ्यात लवकर यावं लागतं.

डोक्यात असलेले पर्याय: मिटिऑर ३५०, हिमालयन ४५०, इंटरसेप्टर ६५०, किंवा वापरलेली हिमालयन ४११, सगळ्या रॉयल एनफील्डच्याच. ताणून ताणून सव्वातीन लाख ऑन-रोड, त्याच्या वर नाही.

आहे तिच्यावर खर्च करण्यात अर्थ आहे का? आणि बदलायची तर डबलसीट घाटांसाठी कुठली?

पान्हा

आधी मोजमाप घ्या, मत नंतर. चौऱ्याऐंशी हजार हा आकडा ऐकून बरेच जण "इंजिनचं काम निघालं" म्हणतील आणि लेथवाल्याकडे बोअरला (सिलिंडर आतून घासून मोठा करायला) पाठवतील. या युनिट कन्स्ट्रक्शन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात) इंजिनला वेळेवर तेल मिळालं असेल तर एवढ्यात बोअर लागेलच असं नाही. घरी एका दुपारी होतील अशा तपासण्या सांगतो. वरून पाहून ठरवू नका.

कॉम्प्रेशन: इंजिन गरम करा. या इंजिनला दोन प्लग आहेत. गेज लावायला एकच काढायचा, दुसरा जागेवर घट्ट ठेवायचा, नाहीतर आकडा येणारच नाही. दोन्ही प्लगकॅप अर्थ करून ठेवा. थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली हवी, सेल्फ पाच-सहा सेकंद मारा. या इंजिनच्या कॅमवर ऑटो-डीकॉम्प्रेसर (सेल्फ मारताना थोडा दाब सोडून देणारी सोय) असल्यामुळे गेजवरचा आकडा मुळातच कमी दिसतो, त्याला घाबरू नका. मग प्लगच्या भोकातून एक चमचा, म्हणजे ५ मिली, इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा चांगलाच वर उडाला तर रिंग-बोअर झिजलंय. जेमतेम हलला तर रिंगा ठीक आहेत.

धूर: थंड इंजिनवर सुरुवातीला येऊन थांबणारा निळा धूर व्हॉल्व्ह सीलचा. रात्रभरात तेल स्टेमवरून खाली झिरपतं आणि पहिल्या स्फोटांत जळतं. गरम गाडीवर ॲक्सिलरेटर पिळल्यावर येणारा रिंगांचा. तुमचं वर्णन पहिल्याशी जुळतं. तरी दर हजार किमीला किती तेल टॉप-अप करावं लागतं ते मोजा. मेन स्टँडवर, इंजिन चालवून बंद केल्यावर काही मिनिटं थांबून काचेतून पातळी बघायची.

कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग): मेन स्टँडवर लावून एकाला मागे बसवा म्हणजे पुढचं चाक अधांतरी होईल. दोन बोटांनी हँडल सावकाश फिरवा. मध्यभागी अडकून पुढे सरकत असेल तर बेअरिंगच्या वाट्यांत गोळ्यांनी खड्डे पाडलेत. असा कोनसेट नुसता आवळून सुधारत नाही, बदलावाच लागतो. आवळला तर उलट वाईट, सरळ रस्त्यावर गाडी डोलायला लागते.

चढाची तक्रार: यात तीन संशयित. क्लच प्लेट, कार्ब्युरेटरचा डायफ्राम (आतली सरकती स्लाइड उचलणारा रबरी पडदा), आणि ब्रेक किंचित धरून राहणं. टॉप गिअरला ५० वर चालत असताना थ्रॉटल पूर्ण उघडा. आरपीएमचा काटा चढला आणि वेग नाही, तर क्लच घसरतोय. काटा पण चढत नाही, नुसती घुसमटते, तर कार्ब्युरेटर बघा. एअर फिल्टरच्या बाजूची नळी काढून स्लाइड बोटाने वर उचला आणि सोडा. चांगल्या डायफ्रामची स्लाइड दमादमाने खाली येते. टपकन पडली तर रबर फाटलंय. ते काढून उजेडासमोर धरून ताणा, सुईएवढी भोकं आणि घडीवरच्या चिरा तेव्हाच दिसतात.

चार्जिंग: उभ्या गाडीला बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, ३००० आरपीएमला १३.८ ते १४.५. खाली राहिलं तर स्टेटर किंवा कपलर, १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर. कमजोर बॅटरीवर सेल्फ मारत राहू नका. इंजिन उलटा झटका देतं आणि तो सगळा स्प्रॅग क्लचवर (सेल्फची मोटर इंजिनला जोडणारा, एकाच दिशेने धरणारा क्लच) बसतो. ते काम खर्चाचं आहे.

शेवटी फ्रेम. इतकी वर्षं पिशव्या लटकवल्यात म्हणता, तर कॅरिअरच्या स्टेचे नटबोल्ट जिथे बसतात ती जागा, मागच्या शॉकअपचं वरचं माउंटिंग आणि मेन स्टँडचे कान धुऊन, पुसून बघा. रंगावर केसासारखी रेघ आणि तिच्यातून गंज ओघळलेला दिसला तर तिथे तडा आहे. बाकी सगळं ठीक आणि फ्रेमला तडा, तर माझ्या लेखी गाडी दौऱ्याला बाद.

वाईकर

वाखूसा (वाचनखूण साठवली). पान्हा, ब्रेकबद्दल राहिलं. डिस्क प्लेट किती झिजली हे घरी कसं बघायचं?

पान्हा

प्लेटवरच कमीत कमी जाडी कोरलेली असते. व्हर्निअरने मोजताना बहुतेक जण फसतात. पॅड जिथे घासत नाहीत ती बाहेरची कड मूळ जाडीची राहते आणि व्हर्निअरचे जबडे तिच्यावरच टेकतात. आकडा मस्त येतो, प्लेट मात्र आत खाल्लेली असते. मायक्रोमीटर नसेल तर घासलेल्या पट्ट्यावर दोन्ही बाजूंनी एकेक सारखं नाणं धरा, त्यांच्यासकट मोजा आणि दोन नाण्यांची जाडी वजा करा. तीन-चार ठिकाणी मोजा. जागोजागी फरक आला तर ब्रेक लिव्हरला थरथर जाणवते ती त्यामुळेच.

प्लेट बरोबर निघाली आणि तरी ब्रेक स्पंजसारखा लागतो, तर रबरी होज जुनी होऊन फुगते आहे. ब्रेक ऑइल डॉट ४, दोन वर्षांनी बदलायचंच, ते हवेतला ओलावा ओढून घेतं. लांब घाटउतारावर ते पाणी उकळलं की लिव्हर थेट ग्रिपला टेकतो.

घाटवळण

पान्हा यांच्या प्रत्येक ओळीला +१. पण धाग्यात अजून कुणी बोललं नाही ते बोलतो: २०१३ च्या गाडीला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही.

१२५ सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलना एबीएस एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या गाड्यांत ते बाहेरून बसवता येत नाही. चाकांचे सेन्सर, दात्यांची रिंग, मॉड्युलेटर, त्याचा मेंदू हे सगळं त्या त्या गाडीच्या वजनाला जुळवलेलं असतं.

तुमचा वापर बघा. डबलसीट, सामान, आंबेनळी, वरंधा. जुलैत त्या घाटांत शेवाळ धरलेले वळणाचे पट्टे असतात, दरडीची माती रस्त्यावर वाहून आलेली असते, समोरून एसटी मधोमध. तिथे पुढचं चाक लॉक झालं की सावरायला वेळच मिळत नाही. मागे बसलेल्या माणसाच्या हातात तर काहीच नसतं. इंजिन बोअर करता येतं, कोनसेट बदलता येतो, हे मात्र कुठल्याच गॅरेजात मिळत नाही. गाडी बदलायला एवढं एक कारण मला पुरेसं वाटतं. बाकी सगळी कारणं दुय्यम.

मोजपट्टी

घाटवळण यांच्याशी सहमत. म्हणूनच साताराकर यांनी "जास्त ताकद" हे कारण यादीतून काढून टाकावं किंवा त्याची खरी किंमत मोजायची तयारी ठेवावी. कागदावर बघा.

थंडरबर्ड ३५०: ३४६ सीसी, १९.८ बीएचपी, ४००० आरपीएमला २८ एनएम टॉर्क (ओढ), वजन १९२ किलो, टाकी २० लिटर.
मिटिऑर ३५०: ३४९ सीसी, २०.२ बीएचपी, ४००० आरपीएमला २७ एनएम, वजन १९१ किलो, टाकी १५ लिटर.

म्हणजे चढाला डबलसीट ओढायच्या हिशोबाने दोन्ही एकच. मिटिऑरमध्ये पैसे जातात ते बॅलन्सर शाफ्टसाठी (८० ला आरसा स्थिर राहतो, हाताला मुंग्या येत नाहीत), फ्युएल इंजेक्शनसाठी, दोन्ही चाकांच्या एबीएससाठी आणि ट्यूबलेस अलॉयसाठी. हे सगळं मोलाचं आहे. फक्त घेऊन आल्यावर "पिकअप तेवढाच आहे की" असं म्हणायची वेळ येऊ नये.

खरोखर जास्त ओढ हवी तर ३५० ची रेघ ओलांडावी लागते: हिमालयन ४११ ला ३२ एनएम, ४५० ला ४०, इंटरसेप्टरला ५२. आणि त्या रेघेवर कर बसलाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. त्यावरच्यांचा, आधीचा सेस धरून ३१ टक्के होता, तो थेट ४० वर गेला. उदाहरणादाखल, करापूर्वी दीड लाखाची गाडी १,९२,००० ला पडायची ती १,७७,००० ला येते. करापूर्वी २,२०,००० ची गाडी २,८८,२०० वरून ३,०८,००० ला गेली. रोड टॅक्स आणि विमा यावर वेगळे. सव्वातीन लाख ऑन-रोडच्या मर्यादेत नवी ४५० किंवा ६५० बसवणं फार अवघड आहे.

दुसरं, वेग. चौपदरी दुभाजकाच्या हायवेवर दुचाकीला कमाल वेगमर्यादा ८० आहे. पुणे-मुंबई एक्सप्रेसवे आणि समृद्धीवर आपल्याला प्रवेशच नाही. तुमचा बंगळुरू हायवेचा दौरा ८० ने करायचा असेल तर ३५० सीसी पुरते. प्रश्न राहतो तो घाटात भरलेल्या ट्रकला ओव्हरटेक करताना लागणाऱ्या ओढीचा.

साताराकर

सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे मोजलं.

कॉम्प्रेशन कोरडं आणि तेल टाकून, फरक अगदी थोडा. तेल हजार किमीला साधारण १५० मिली घेते. चार्जिंग १४.१. क्लच घसरत नाही. स्लाइड टपकन पडते, डायफ्रामला घडीवर चीर आहे. हँडल मध्यभागी अडकतं. पुढची डिस्क प्लेट कोरलेल्या आकड्याच्या खाली. चेनसेटला अजून आयुष्य आहे. फ्रेम स्वच्छ. टाकीत टॉर्च मारून पाहिलं तर तळाला, पेट्रोल कॉकच्या मागच्या बाजूला गंजाचा पातळ थर.

पान्हा

मग इंजिनला हात लावू नका. हजाराला १५० मिली म्हणजे व्हॉल्व्ह सीलची झीज. एवढ्यासाठी हेड उतरवू नये. तेल १५डब्ल्यू५०, बदलताना सव्वादोन ते अडीच लिटर बसतं. हायड्रॉलिक टॅपेट (तेलाच्या दाबावर आपोआप जुळणारे) असल्यामुळे पातळ तेल घातलं तर टकटक सुरू होते आणि मग विनाकारण टॅपेट बदलायला सांगणारे भेटतात.

करायचं ते या क्रमाने. आधी डिस्क प्लेट, पॅड, होज आणि ऑइल एकदम. नुसते पॅड टाकले तर झिजलेल्या प्लेटवर ते बसत नाहीत. मग कोनसेट. त्यासाठी पुढचं सगळं उतरतंच, तेव्हा फोर्कचे ऑइल सील आणि ऑइल त्याच मजुरीत करून घ्या. दोन्ही पायांत ऑइल मापाने सारखं. सील टाकण्याआधी फोर्कच्या नळीवर, जिथे सील घासतो तिथे नख फिरवा. गंजाचे खड्डे नखाला लागले तर नवा सील थोड्याच दिवसांत कापला जाईल, तिथे नळीच बदलावी लागते. त्यानंतर कार्ब्युरेटरचा डायफ्राम आणि ओ-रिंग. चढाची तुमची तक्रार बहुतेक तिथेच मिटेल.

टाकीचा गंज पातळ आहे तोवर काढा. पेट्रोल उपसून, कॉक काढून, भोक बंद करून व्हिनेगर भरून एक-दोन दिवस ठेवायचं, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचं म्हणजे आम्ल मरतं, लगेच हवेने पूर्ण वाळवायचं आणि त्याच दिवशी पेट्रोल भरायचं. ओली ठेवली तर रात्रीत पुन्हा तांबूस होते. ॲसिड टाकून "तासात चकाचक" करणाऱ्यांकडे देऊ नका, ते पत्रा खातं.

यातलं एकही काम वाया जात नाही. गाडी ठेवली तरी लागणार, विकली तरी गिऱ्हाईक हँडल आणि ब्रेक पहिल्यांदा बघतं आणि भाव तिथेच पाडतं.

जुनं ते टिकतं

एवढं सगळं ठीक निघतंय तर बदलायची कशाला? सुट्या भागांची चिंताही नाही. हेच ३४६ सीसी इंजिन क्लासिकला २०२१ पर्यंत आणि बुलेटला २०२३ पर्यंत होतं. पिस्टन, क्लच, बेअरिंग, केबल, सगळं गावोगाव मिळतं. २० लिटरची टाकी आज या किमतीत कुणी देत नाही. ३२ चं ॲव्हरेज धरलं तरी सहाशेच्या वर जाते. कर्नाटकच्या आतल्या भागात ही मोठी सोय आहे.

पान्हा

इंजिनच्या भागांबद्दल बरोबर. पण थंडरबर्ड २०२० साली बंद झाली. तिचे स्वतःचे भाग म्हणजे टाकी, मीटर, हेडलाइटचं असेंब्ली, पॅनल, हे क्लासिकचे चालत नाहीत. छोट्या पडझडीत मीटर फुटला तर शोधाशोध करावी लागते. ठेवायची असेल तर एक चालू मीटर आणि पेट्रोल कॉक आत्ताच बघून ठेवा.

वाईकर

ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचं काय? जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांना त्रास होतो म्हणतात. या गाडीला किती धोका?

मोजपट्टी

धोका आहे, आटोक्यातला आहे. इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबराला फुगवतं आणि मग कडक करतं. डायफ्राम, फ्लोट बाउलची (कार्ब्युरेटरच्या तळाच्या पेट्रोलच्या वाटीची) रिंग, पेट्रोलची नळी आणि कॉकचे वॉशर आधी जातात. नळी बदलताना तिच्यावर एसएई जे३०आर९ छापलेली मागा, ती इथेनॉलला टिकते. साधी पारदर्शक प्लास्टिकची नळी लावू नका, वर्षभरात पिवळी पडून काडीसारखी मोडते.

दुसरं, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ पडतं. लक्षणं अशी: थंडीत चोक जास्त वेळ लागतो, थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट, आयडल वर लटकून राहतं. इंजेक्शनची गाडी सेन्सर बघून हे काही प्रमाणात सांभाळून घेते, कार्ब्युरेटरला सांगावं लागतं. गरम इंजिनवर पायलट स्क्रू (मिश्रण जुळवायचा) पाव-पाव फेरा बाहेर काढत जा, आयडल सर्वांत स्थिर होईल तिथे थांबा, मग आयडल स्क्रूने आरपीएम जागेवर आणा. स्क्रू आत नेताना दाबून पिळू नका, टोक बसून कार्ब्युरेटर कायमचा बिघडतो.

तिसरं म्हणजे पाणी. इथेनॉल ओलावा धरतं आणि प्रमाणाबाहेर पाणी झालं की दोघं मिळून तळाला बसतात. साताराकर यांच्या टाकीतला गंज तळालाच आहे, ते यामुळे असू शकतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरा म्हणजे आत हवा आणि तिच्यातलं दव कमी. कॉक बंद करून फ्लोट बाउलचं पेट्रोल खालच्या स्क्रूने काढून टाका.

लांबपल्ला

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, कुठली घ्यावी. डबलसीट आणि घाट एवढंच डोळ्यासमोर ठेवून लिहितो.

मिटिऑर: सीट ७६५ मिमी, दोन्ही पाय टेकतात, सामानासकट उतारावर मागे ढकलायला सोपी. पुढे सरकवलेले फूटरेस्ट हा तिचा कळीचा मुद्दा. सपाट हायवेवर आरामशीर, पण खड्डा दिसला तरी फूटरेस्टवर उभं राहून अंग उचलता येत नाही. सगळा दणका माकडहाडावर. आणि थंडरबर्डलाही तशीच बैठक असल्यामुळे तुमच्या अंगाला याची सवय आहे, हे लक्षात घ्या. सवय नसलेल्याला हा मोठा दोष वाटतो. २०२५ पासूनच्या मॉडेलला स्लिप-असिस्ट (हलक्या लिव्हरचा) क्लच आहे, महाबळेश्वर-पाचगणीच्या रविवारच्या रांगेत डाव्या मनगटाला फरक कळतो. ट्यूबलेस हा दुसरा फायदा. थंडरबर्डचं मागचं चाक पंक्चर झालं की चाक उतरवणं, ट्यूब काढणं आलं. इथे प्लग मारून हवा भरली की पुढच्या गावापर्यंत निर्धास्त.

हिमालयन ४११: सीट ८०० मिमी, फूटरेस्ट मध्यावर, सस्पेन्शनचा प्रवास लांब. वरंधासारख्या उखडलेल्या रस्त्यावर मागच्या माणसाला सर्वांत कमी त्रास याच गाडीत. ओढ ३२ एनएमची, तीही खालच्या आरपीएमला. ९० च्या पुढे मात्र तिला पळवण्यात मजा नाही. ट्यूबचे टायर आहेत. घ्यायची तर २०२० नंतरची बीएस६ (नव्या प्रदूषण नियमांची) घ्या, तिला मागचं एबीएस बंद-चालू करायची सोय आहे. वापरलेली बघताना: पुढच्या २१ इंची रिमला खड्ड्याचे पोचे, स्पोक एकेक वाजवून (बद आवाज म्हणजे सैल), कोनसेट, खालच्या संप गार्डच्या (इंजिनखालच्या संरक्षक पत्र्याच्या) आत इंजिनला दगडाचा मार, आणि आरसी बुकावर बँकेचा बोजा उतरलाय का. संप गार्ड काढून बघू दिला नाही तर पुढे बोलणी करू नका.

हिमालयन ४५०: गाडी उत्तम, ४० पीएस, सहा गिअर, लिक्विड कूल. पण तिची ताकद वरच्या आरपीएमला आहे, ४० एनएम येतात ५५०० ला. डुगडुगत खालच्या आरपीएमवर घाट चढायची सवय असलेल्याला गिअर सतत बदलावे लागतात. सीट ८२५ मिमी. मागे माणूस आणि पिशव्या असताना पाय टेकवणं उंचीवर अवलंबून आहे.

इंटरसेप्टर: इंजिन सुरेख, ओव्हरटेकला विचार करावा लागत नाही. टाकी १३.७ लिटरची, सस्पेन्शन घाटातल्या खड्ड्यांसाठी कडक. एकट्याच्या हायवेला घ्या म्हटलं असतं. तुमच्या कामाला नाही.

टेस्ट राइड शोरूमच्या चौकाभोवती घेऊ नका. जो माणूस नेहमी मागे बसतो त्यालाच बसवून न्या, अर्धा तास तरी, एखादा चढ आणि एखादा खराब पट्टा घेऊन. मागच्याचे गुडघे किती वाकतात, धरायला काय आहे आणि पिशव्या लावल्यावर टाच अडकते का हे तिथेच कळतं. मागच्या माणसाला नाही आवडली तर ती गाडी बाद समजा.

घाटवळण

लांबपल्ला यांचा शेवटचा परिच्छेद ठळक अक्षरात हवा होता.

साताराकर, मी तुमच्या जागी मिटिऑर आणि २०२० नंतरची ४११ या दोनच ठेवीन. रस्ते खराब जास्त असतील तर ४११, हायवे जास्त असेल तर मिटिऑर. दोन्हींत एबीएस आहे, माझा आग्रह तेवढाच.

मोजपट्टी

कागदपत्रांचंही आत्ताच बघा, विकायच्या आठवड्यात धावपळ नको.

तुमची आरसी २०२८ पर्यंत आहे. पंधरा वर्षं झाल्यावर फॉर्म २५ भरून, गाडी आरटीओत दाखवून पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो. उशीर झाला तर दुचाकीला महिन्याला ३०० रुपये. पर्यावरण कर वेगळा. ठेवायची असेल तर हा खर्च धरा, विकायची असेल तर २०२८ जवळ येईल तसा भाव उतरेल.

एप्रिल २०१९ आधीची गाडी असल्याने नवी सुरक्षा नंबरप्लेट लावलेली हवी, तिच्याशिवाय नावावर करायचं काम अडतं. थकलेले ई-चलन भरा. विकताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून थांबू नका, घेणाऱ्याच्या नावावर चढेपर्यंत पाठपुरावा करा. मधल्या काळात अपघात झाला तर नोटीस तुमच्याच दारात येते.

विम्याचा नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पूर्ण विमा असेल आणि बोनस साठला असेल तर विकल्यावर कंपनीकडून तसं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. नुसता थर्ड पार्टी असेल तर बोनस नसतो.

साताराकर

ब्रेक, कोनसेट आणि डायफ्रामचं काम करून घेतोय, सुटे भाग आणले. या पावसाळ्यात डबलसीट घाट नाही, एवढं घाटवळण यांचं पटलं. पाऊस संपला की मिटिऑर आणि ४११ दोन्ही मागच्या माणसाला बसवून चालवू आणि त्यातली एक ठरवू. हिमालयन ४५० आणि इंटरसेप्टर यादीतून काढले.

एक शंका. मागचा टायर १२०/८०-१८, नक्षी अजून निम्मी आहे पण सात वर्षांचा झालाय. विकायचीच तर बदलू का?

लांबपल्ला

टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. सात वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, नक्षी कितीही दिसो, ओल्या रस्त्यावर धरत नाही. अंगठ्याचं नख दाबून बघा, खूण उमटत नसेल तर तोपर्यंतच्या वापरासाठी तरी बदला. घेणाऱ्याला तारीख वाचता येत असेल तर तोही याच कारणाने पैसे कापेल.

पान्हा

टायर बदलताना चाक उतरतंच, तेव्हा हबमधले कुश रबर (चेनचे झटके झेलणारे) आणि मागची बेअरिंग बघून घ्या. आणि नवा कोनसेट पहिल्या चार-पाचशे किमीत बसतो, थोडा सैल पडतो. तेवढं चालवून पुन्हा पुढचं चाक अधांतरी करून हाताने बघा. खडखड लागली तर जरासाच आवळायचा. हँडल मध्यावरून थोडं ढकलल्यावर स्वतःच्या वजनाने कडेला जायला हवं. मध्येच थांबलं तर जास्त आवळलाय.